सुपरचार्जरचा तुलनात्मक तक्ता

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या हँडब्रेकचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तिकडे तू, तुझे दोन्ही गुडघे आणि तुझी दुर्बीण ठणठणीत असतील अशी आशा करतो. डावा गुडघा पुन्हा कुरकुरायला लागल्याचं धाकटीकडून कळलं. (उजव्याबद्दल काहीच कळलं नाही, म्हणून तो समाधानकारक असल्याचं गृहीत धरतो. तसं नसल्यास उलट टपाली खुलासा करावा.) तुझी भाचेसून नमस्कार सांगते आणि विचारते, की जिने चढायची बंदी असताना तू गच्चीवर जाऊन दुर्बीण लावतेस हे खरं का. मी तिला म्हटलं, असल्या चौकशा पत्रातून करू नयेत. पत्राचं खरं कारण मी अगदी शेवटी सांगणार आहे, कारण एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकलो, की कारण आधी सांगितलं की कागद पुढे सरकत नाही.

प्रकरणाची पार्श्वभूमी तुला ठाऊक आहे, किंबहुना ती तूच घडवलीस. तरी नोंदीसाठी पुन्हा मांडतो. तू एकतीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलंस आणि त्या कमाईतून आयुष्यात एकच चैन केलीस: ती लाल, दोन सीटांची, कापडी छपराची स्पोर्ट्स कार. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तुझ्या गुडघ्यांना क्लच दाबायची बंदी केली, तेव्हा ती गाडी तू मला दिलीस. धाकटीला दिली नाहीस याचं सगळ्यांना नवल वाटलं. सगळ्यात जास्त मला. (धाकटी माझी सख्खी बहीण असली तरी खरं ते लिहितो. ती लिफ्ट दुरुस्त करते, कुठल्याही यंत्राचं दुखणं आवाजावरून ओळखते, आणि तुझ्या स्कूलची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. मी तिसऱ्या. पहिल्या दोन्ही वेळा हँडब्रेक न सोडताच गाडी हाकली, त्यावरून तू ठेवलेलं नाव मी आजवर निमूटपणे वापरतो आहे.) अट एकच होती. दर वर्षी तुझ्या वाढदिवशी गाडी घाट चढून तुझ्या दारात आणायची, आणि तुझ्या घरासमोरचं शेवटचं वळण तिसऱ्या गिअरमध्ये घ्यायचं. पहिल्यात कुणीही चढतो, तिसऱ्यात चढायला आधी अंदाज लागतो आणि मग धीर, असं तू शिकाऊ लोकांना सांगायचीस. नऊ वर्षं मी ती अट पाळली. दहाव्या वर्षी दुसऱ्या गिअरवर आलो, आणि तू फक्त चष्मा पुसलास.

गेल्या वर्षी काय झालं ते तू दुर्बिणीतून पाहिलंसच. गाडीला धाप लागली होती. आधी एक बस पुढे गेली. मग सामानाचा टेम्पो गेला. त्यात एक लोखंडी कपाट उभं होतं आणि कपाटाला टेकून एक माणूस गाढ झोपला होता. मग चौदाव्या वळणावर एक सायकलवाला पुढे गेला. तो वर जाऊन दगडावर बसला आणि पाणी पीत माझी वाट बघत राहिला. (मी शेजारून जाताना त्यानं बाटली पुढे केली. माणुसकी म्हणून केली असेल, पण मनाला लागलं.) शेवटचं वळण मी पहिल्या गिअरमध्ये घेतलं, तेव्हा माझ्यामागे अकरा वाहनं हॉर्न वाजवत होती. तू फाटकात उभी होतीस. म्हणालीस, "पुढच्या वर्षी माझ्या वळणावर तिसरा पडला नाही, तर किल्ली धाकटीला." मग आत जाऊन चहा टाकलास, आणि तो नेहमीपेक्षा चांगला झाला होता, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आत्या, तोंडावर कधी बोललो नाही ते इथे लिहितो. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस मी पाणीपुरवठा कार्यालयाचा खरेदी अधिकारी असतो. माझ्या सहीनं झाडू येतात, फिनेल येतं, टाक्यांची झाकणं येतात. माझ्याकडे कुणी वळून बघत नाही, आणि बघितलंच तर बिल का अडकलं म्हणून बघतं. पण एक दिवस मी छप्पर उघडं टाकून त्या घाटात असतो आणि रस्त्यावरची अनोळखी माणसं मला हात करतात. ती गाडी गेली तर माझा तो एक दिवस जाईल. म्हणून मी चंग बांधला, की काही झालं तरी गाडीला सुपरचार्जर बसवायचा.

सुपरचार्जर म्हणजे काय हे तुला सांगायची गरज नाही, पण फाइल पूर्ण असावी म्हणून लिहितो. इंजिन पेट्रोल जाळतं, जाळायला हवा लागते, आणि स्वतःच्या छातीनं ओढली तर हवा ठरावीकच मिळते. म्हणून इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा एक पंप बसवायचा आणि हवा आत कोंबायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. हे मी जेवताना समजावून सांगितलं, तेव्हा तुझी भाचेसून म्हणाली, "धाप लागतेय ना? मग आधी नाक चोंदलंय का ते बघा." ती नाक-कान-घशाच्या दवाखान्यात परिचारिका आहे हे तू जाणतेसच. त्यामुळे जगातली प्रत्येक अडचण तिला नाकात दिसते. मी तिची सूचना वहीत लिहून घेतली आणि पुढे शेरा मारला: 'व्यवसायाच्या प्रभावाखाली केलेली सूचना, विषयाशी संबंध नाही.'

आता दुसरा कुणी असता तर गॅरेजात जाऊन म्हणाला असता, बसवा. पण मी नियमाचा माणूस. तीन दरपत्रकांशिवाय मी आजवर टाचणी घेतलेली नाही. (कार्यालयातलं भिंतीवरचं घड्याळ घ्यायला चौदा महिने लागले, पण ते अजून एक मिनिटही मागे पडलेलं नाही. आलं उशिरा, एवढंच.) आणि योग बघ, सुपरचार्जरचे मुख्य प्रकारही नेमके तीन: रूट्स, ट्विन-स्क्रू आणि सेंट्रिफ्युगल. तीन प्रकार, तीन दरपत्रकं, एक तक्ता. मला भरून आलं. मी लगेच घरात समिती नेमली (अध्यक्ष मी, सदस्य तुझी भाचेसून, सचिव पुन्हा मी) आणि गाडीच्या बॉनेटवर चिठ्ठी चिकटवली: 'निर्णय होईपर्यंत कोणीही हात लावू नये.' ही चिठ्ठी आठ महिने तिथे होती.

रूट्सच्या बाजूनं बोलायला गॅरेजवाला पैलवान होता. (पैलवान हे टोपणनाव. तो कुस्ती खेळत नाही, पण नट सोडवताना हुंकार देतो.) रूट्समध्ये एका डब्यात जाड पाकळ्यांचे दोन दांडे एकमेकांत अडकून फिरतात आणि हवा मूठमूठ उचलून इंजिनात टाकतात. फायदा असा, की पायाखालचं पेडल दाबलं की जोर तिथल्या तिथे हजर. घाटातल्या वळणातून बाहेर पडताना नेमकं हेच हवं, असं पैलवान म्हणाला आणि पुरावा म्हणून त्यानं टेबलावर मूठ आपटली. तोटा असा, की हा प्रकार हवा भयंकर तापवतो, आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणजे निम्मी मेहनत पाण्यात. शिवाय तो बसतो इंजिनाच्या डोक्यावर, म्हणून बॉनेटला भोक पाडावं लागतं. भोक म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर तुझी दुर्बीण आली. आमचे आधीचे साहेब अगदी असेच होते. दहाला खुर्चीत बसले की दहा वाजून एक मिनिटानं पूर्ण जोरात, आणि साडेदहापर्यंत इतके तापायचे की दिवसभर कुणाला काम सुचायचं नाही. रूट्सच्या रकान्यात मी लिहिलं: 'तत्पर, परंतु तापट.'

ट्विन-स्क्रूची बाजू आमच्या वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यानं मांडली. त्याच्याकडे इतकी बुटकी गाडी आहे, की फाटकातल्या गतिरोधकावरून ती काढताना तो रखवालदाराला रोज दोन फळ्या टाकायला लावतो. (एवढ्या सगळ्या जोराचा उपयोग तो फाटक ते दवाखाना या पाऊण किलोमीटरसाठी करतो, त्यात तीन सिग्नल.) माहिती देतो म्हणून त्यानं मला दवाखान्यात बोलावलं. खुर्चीत बसवलं. बसलाच आहात तर दाढ बघू म्हणाला, आणि माझं तोंड पूर्ण उघडल्यावर त्यानं ट्विन-स्क्रूबद्दल बोलायला सुरुवात केली. पाऊण तास बोलला. दोन लांब मळसूत्री दांडे एकमेकांत गुंतून फिरतात, हवा त्यांच्या मधल्या जागेत पुढे पुढे सरकताना आतच दाबली जाते, मागे गळत नाही, रूट्सइतकी तापत नाही, आणि जोर खालच्या वेगापासून वरच्या वेगापर्यंत सारखा. मला विचारायचं होतं की मग हा इतका महाग का आणि आवाज कसा करतो, पण तोंडात त्याचे दोन्ही हात होते. आवाजाचं उत्तर त्यानं ड्रिल चालू करून दिलं. "अगदी अस्सा," म्हणाला, आणि डोळे मिटून ऐकत राहिला. ड्रिल त्या वेळी माझ्या दाढेत होतं. ट्विन-स्क्रूच्या रकान्यात मी घरी येऊन, बधिर गालानं लिहिलं: 'सर्वगुणसंपन्न, मात्र दातांना सोसत नाही.'

सेंट्रिफ्युगलचा कैवारी आमचा लेखापाल. त्यानं आयुष्यात गाडी घेतलेली नाही, सायकलवर येतो आणि दिवसभर पँटची क्लिप काढायला विसरतो. पण आलेख काढल्याशिवाय तो जेवणाचा डबासुद्धा उघडत नाही. त्यानं मला कागदावर एक रेघ काढून दाखवली. ती बराच वेळ आडवी पडून होती आणि शेवटी एकदम उठून कागदाबाहेर गेली. या प्रकारात गोगलगाईच्या शंखासारख्या डब्यात एक पंखा भन्नाट वेगानं फिरतो आणि हवा भिरकावून देतो. यंत्र आटोपशीर, हवा थंड, इंजिनाच्या बाजूला गुपचूप बसतो, बॉनेटला भोक नको. फक्त इंजिन जोरात फिरायला लागल्याशिवाय त्याला जाग येत नाही. म्हणजे वळणातून हळू बाहेर पडताना हा झोपलेला, आणि जागा होईपर्यंत पुढचं वळण आलेलं. आत्या, त्या रेघेत मला आमचं अख्खं कार्यालय दिसलं. अकरा महिने शांतता, आणि आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात असा वेग, की मागे एकदा आम्ही चार दिवसांत सातशे बादल्या घेतल्या. (नळ नंतर घेतले.) हे मी लेखापालाला बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "म्हणूनच मला तो विश्वासाचा वाटतो."

तिन्ही रकाने भरून मी तक्ता भिंतीवर लावला आणि सभा बोलावली. पहिली सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली (तुझी भाचेसून अंघोळीला गेली होती). दुसऱ्या सभेत तिनं विचारलं, नाकाचं काय झालं. तिसऱ्या सभेत मी गुण द्यायला घेतले: तत्परता, थंडपणा, आवाज, बॉनेटची अब्रू, आत्याचा संभाव्य राग. तिन्ही प्रकारांना बेचाळीस गुण पडले. फेरतपासणी केली, तर तिन्हींना एक्केचाळीस. बरोबरी झाली की आमचा नियम स्पष्ट आहे: वस्तूचं नाव घ्यायचं नाही, फक्त गरज लिहायची, जाहीर निविदा काढायची आणि सगळ्या अटी पाळून सर्वांत कमी दर देईल त्याचं घ्यायचं. मी अकरा कलमांचं गरजपत्रक लिहिलं, आणि तुला सांगतो, माझ्या नोकरीतलं ते सर्वांत निर्दोष गरजपत्रक होतं. पट्ट्यावर फिरणारं. हवा जोरानं ढकलणारं. हवा न तापवणारं. कमी वेगापासून जास्त वेगापर्यंत सारखं काम देणारं. बसवण्यासाठी भोक पाडावं न लागणारं. कानाला सुसह्य. एक वर्षाची लेखी हमी. आणि असंच पुढे. ते मी गॅरेजच्या फळ्यावर आणि बाजारातल्या चार दुकानांत लावून दिलं.

महिन्याभरानं, सुटीच्या दिवशी सकाळी, इमारतीच्या दारात ट्रक उभा राहिला. चार माणसांनी मिळून खाली उतरवलं ते धान्य उफणायचं यंत्र होतं. गिरण्यांत असतं ते: भलीमोठी लाकडी पेटी, आत पंखा, बाजूला पट्ट्याचं चाक, दाणे इकडे, भुसा तिकडे. उंची गाडीच्या दीडपट. मी संतापून गरजपत्रक आणलं आणि त्याच्यासमोर उभं राहून एकेक कलम लावून बघितलं. पट्ट्यावर फिरतं. हवा जोरानं ढकलतं. हवा तापवत नाही. भोक नको. हमी लेखी, शिक्क्यासह. अकराच्या अकरा कलमं पाळलेली होती, आत्या. त्या अकरांत 'गाडी' हा शब्द मी कुठेही लिहिला नव्हता. काही मोघम राहू नये म्हणून इतकं नेमकं लिहिलं, की मुख्य गोष्टच राहून गेली. नियमाप्रमाणे मला सही करून यंत्र ताब्यात घ्यावं लागलं. ट्रकवाल्यानं सहज विचारलं, घरी धान्य फार येतं का? मी त्याला पोचपावतीची दुसरी प्रत दिली. पैलवान बघायला आला आणि हसून हसून त्याला जमिनीवर बसावं लागलं. सध्या तुझी भाचेसून त्यावर चादरी वाळत घालते. दंतवैद्य म्हणतो, आवाज काही खास नाही.

एवढं होईस्तोवर तुझा वाढदिवस जेमतेम दहा दिवसांवर आला आणि माझे डोळे पांढरे झाले. पैलवान म्हणाला, कुठलाही बसवा, पण आधी मापं घ्यावी लागतील, आणि मापं घ्यायची तर चिठ्ठी काढून बॉनेट उघडावं लागेल. चिठ्ठी काढायला मी समितीची तातडीची मंजुरी मिळवली. गेल्या गुरुवारी गाडी गॅरेजात नेण्यात आली. मदतीला धाकटी अर्धा दिवस रजा काढून आली. त्या वेळी काही किरकोळ अंतर्गत साफसफाई करण्यात आली. (तपशील महत्त्वाचा नाही.) त्यानंतर समितीनं सखोल विचारान्ती एकमतानं ठराव केला, तो असा: रूट्स, ट्विन-स्क्रू व सेंट्रिफ्युगल या तिन्ही प्रकारांचा तौलनिक अभ्यास करता, सदर गाडी ही कुलीन गाडी असून तिच्या मूळ स्वरूपात ढवळाढवळ करणं आत्याच्या इभ्रतीला शोभणार नाही, सबब सुपरचार्जर बसवू नये. शनिवारी गाडीची चाचणी घेण्यात आली. घाटातली पहिली आठ वळणं तिसऱ्या गिअरमध्ये पार करण्यात आली. पाचव्या वळणावर सामानाच्या एका टेम्पोला मागे टाकण्यात आलं. (यात कपाट नव्हतं, गाद्या होत्या, पण टेम्पो तो टेम्पो.) हॉर्न वाजवण्यात आला. आत्या, माझ्या अंगावर काटा आला, एवढं मी साध्या भाषेत सांगतो. तेव्हा येत्या रविवारी सकाळी साडेनऊला गच्चीवर न जाता फाटकातूनच दुर्बीण लाव, आणि किल्लीचा विषय कायमचा निकालात काढ.

तुझ्या गुडघ्यांना आराम पडो. वळणावर भेटूच.

तुझा आज्ञाधारक,
हँडब्रेक

ता. क. वर 'किरकोळ अंतर्गत साफसफाई' असं लिहिलं आहे, तिथे तू भुवई उंचावलेली मला इथून दिसते. म्हणून खुलासा. इंजिनाकडे जाणारी हवा आधी एका काळ्या डब्यातून जाते. त्यात धूळ अडवायला घड्याघड्यांचा कागदी फिल्टर असतो. हा डबा कोरडा असतो, त्याला घट्ट झाकण आणि चार क्लिपा असतात. आता, महत्त्वाचा कागद तीन प्रतींत करून तीन वेगवेगळ्या जागी ठेवावा, हा नियम खात्यात मीच लावला. अकरा वर्षांपूर्वी एका कागदाची तिसरी प्रत ठेवायला मला गाडीतली सर्वांत सुरक्षित जागा हवी होती. मी ती पाकिटात घालून त्या डब्याच्या आतल्या भिंतीला डिंकानं चिकटवली. डिंक नऊ वर्षं टिकला. (माझीच खरेदी.) मग तो सुटला, पाकीट फिल्टरवर आडवं झालं, आणि तेव्हापासून दोन वर्षं तुझी गाडी तोंडावर उशी घेऊन घाट चढत होती. फिल्टर बदलायची मुदत किलोमीटरवर असते, आणि वर्षातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीची ती मुदत भरायला अजून सहा वर्षं होती. धाकटीनं झाकण उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर तुझी भाचेसून फक्त एवढंच म्हणाली: "नाक." वहीतला तो शेरा मी खोडला आहे आणि खोडल्याबद्दल सही केली आहे.

ता. क. २. तो कागद कोणता, हे तू विचारणारच. ते तुझं गाडी दिल्याचं पत्र होतं. गाडी अजून तुझ्याच नावावर आहे (नावबदलाचा अर्ज माझ्या टेबलावर तयार आहे, पण तो मला अजून परिपूर्ण वाटत नाही), म्हणजे गाडी माझी असल्याचा पुरावा तेवढाच. पहिली प्रत कार्यालयाच्या कपाटात होती. दहा वर्षांपलीकडचे कागद नष्ट करायच्या यादीवर गेल्या वर्षी मीच सही केली. दुसरी तुझ्याकडे होती. ती तू माझ्यादेखत घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलीस, आणि गेल्या वर्षी ते टेबल मला तुझ्याकडे दिसलं नाही. उरली तिसरी. तुझा मजकूर मला तोंडपाठ आहे: 'ही गाडी मी माझ्या भाच्याला देत आहे. त्यानं नीट सांभाळली नाही तर ती धाकटीला द्यावी.' दमट हवेनं आणि इंजिनाच्या ओढीनं वरच्या भागाचा पार लगदा झाला, तो बरोबर 'नाही तर'पर्यंत. आता कागदावर एवढंच शिल्लक आहे: 'ती धाकटीला द्यावी', आणि खाली तुझी सही, स्वच्छ, वळणदार. तो तुकडा धाकटीनं घडी करून खिशात घातला. मी मागितला, तर म्हणाली, "तीन दरपत्रकं आण." आत्या, हेच या पत्राचं खरं कारण. सोबत कोरा कागद पाठवतो आहे. रविवारच्या आत ते पत्र मला पुन्हा लिहून ठेव. या वेळी दुसरं वाक्य गाळता आलं तर गाळ. गाळवत नसेल, तर निदान ते वर लिही आणि पहिलं खाली.

ता. क. ३. धान्य उफणायचं यंत्र तुला उपयोगी पडेल का? सुस्थितीत आहे. हमी अजून बाकी आहे.

आत्या, अक्षरावरून ओळखलं असशीलच, मी धाकटी. दादानं हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट बंद करायला विसरला. वहिनी म्हणते, विसरला नाही. मी सगळं वाचलं. सगळं खरं आहे. फक्त जिथे जिथे 'करण्यात आलं' आणि 'टाकण्यात आलं' असं लिहिलं आहे, तिथे मी होते. गॅरेजात गाडी मी नेली. शनिवारी घाटातही मीच चालवत होते. दादा शेजारी बसून वळणं मोजत होता आणि वहीत लिहून घेत होता. हॉर्न मात्र त्यानं वाजवला, हात लांब करून. गेल्या वर्षी तुझ्या फाटकातून परतल्यापासून त्यानं स्टिअरिंगला हातच लावलेला नव्हता. ती चिठ्ठी आठ महिने बॉनेटवर कशासाठी होती, ते मला त्या दिवशी कळलं, आणि मग मला त्याचं हसू येईना.

काल संध्याकाळी मी त्याला घाटाच्या पायथ्याशी घेऊन गेले, गाडीतून उतरले, किल्ली त्याच्या हातात दिली आणि एकट्याला जायला सांगितलं. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा केस उभे होते आणि तोंड मिटत नव्हतं. शेवटच्या वळणाच्या अलीकडून वळवली म्हणाला, तुला आधी दिसू नये म्हणून. पण तिथपर्यंत सगळा घाट तिसऱ्यात. मी म्हटलं, मग हे आत्याला लिही की, पत्र अजून घरातच आहे. तर म्हणाला, साक्षीदार नव्हता, पडताळणी झालेली नाही, असं कसं लिहू? अख्ख्या पत्रात लिहिण्यासारखी तीच एक गोष्ट होती, म्हणून मी लिहिते आहे. तुकडा माझ्याकडे जपून आहे. रविवारी त्यानं तुझं वळण घेतलं की तुझ्यासमोर त्याला परत देईन. नवं पत्र जरूर दे, पण एकाच प्रतीत दे आणि वहिनीच्या हातात दे.

आणि काल निघताना त्यानं हँडब्रेक आधी सोडला होता. त्याला साक्षीदार मी आहे.